कोंड्याच्या तेलाआधी हेक्झेनचा हिशेब द्या

धानोऱ्यासारख्या धानाच्या मुलखात राइस मिलच्या कोंड्यापासून तेल काढणारा सॉल्व्हंट प्लांट आला, तर आमचा विरोध नाही. कोंडा फार दिवस ठेवला की त्यातल्या तेलाचे आम्ल वाढते, त्यामुळे असा प्लांट गिरण्यांजवळच सोयीचा. पण हे तेल हेक्झेन या ज्वलनशील द्रावकाने सुटते, आणि हेक्झेनची वाफ हवेत एक-सव्वा टक्का झाली की एक ठिणगी पुरते. लिटरभर हेक्झेन सुमारे 16 घनमीटर हवा, म्हणजे एक छोटी खोली, स्फोटक करते. ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते, वर उडून न जाता जमिनीलगत सरकत नाल्यागटारांत साचते. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात 13 फेब्रुवारी 1981 रोजी सोयाबीन प्लांटचे हेक्झेन गटारांत उतरले, एका मोटारीची ठिणगी पडली आणि तीन किलोमीटरहून जास्त रस्ते उखडले.

खरा धोका ड्रायरपाशी आहे. तेल काढलेल्या कोंड्यातले हेक्झेन आधी स्टीमने उडवतात, मग कोंडा ड्रायरमध्ये जातो. बॉयलरचा दाब पडला तर कोंडा अर्धवट तापतो, हेक्झेन त्यातच राहते आणि ड्रायरच्या गरम हवेत सुटते. यावर मालकांचे ठरलेले उत्तर असते : कामगाराने लक्ष ठेवावे. रात्रपाळीच्या माणसाच्या डोळ्याला न दिसणारी वाफ कशी दिसणार? कोंडा ठरल्या तापमानाखाली निघाला की पुढची वाट आपोआप बंद व्हावी, पंखा थांबला की ड्रायरची उष्णता तुटावी, वाफ स्फोटमर्यादेच्या चौथ्या हिश्शावर पोचली की गजर व्हावा. आणि माल अडतो म्हणून आपोआप बंद करणाऱ्या याच व्यवस्थेला, म्हणजे इंटरलॉकला, वायर जोडून बायपास करणे हा गुन्हा मानला जावा.

खर्च वाढेल, असे म्हणतील. पण उडालेले हेक्झेन हे मालकाचेच पैसे आहेत. गळती धरणारे यंत्र तेही वाचवते. कायदा आहेच, असेही म्हणतील. ज्वलनशील वाफांबद्दलचे कलम 37 कारखाने अधिनियमात 1948 पासून होते. तरी डोंबिवली एमआयडीसी 2016 मध्ये स्फोटाने हादरली आणि 2024 मध्ये पुन्हा हादरली. कागद स्फोट अडवत नाही. म्हणून गावानेच लक्ष घालावे. मेंढा (लेखा) हे गाव धानोरा तालुक्यातलेच. आपल्या जंगलाचा निर्णय तिथली ग्रामसभा स्वतः घेते. प्लांटला ना-हरकत देण्याआधीही प्रत्येक ग्रामसभेने इंटरलॉकची चाचणी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी, आणि दर सहा महिन्यांनी तिचा अहवाल मराठीत गावाच्या फलकावर लागावा, ही अट ठरावात लिहावी.