सहा फुगे, एक पट्टा

सहा एअरबॅगवाली गाडी परवा आमच्या सोसायटीत आली. हार, नारळ, चारही चाकांखाली लिंबू, पेढे, सगळं यथासांग. मालक तरुण, गुणी, आयटीतला. मला बघताच म्हणाला, ‘‘काका, या वेळी तुम्हाला बोलायला जागाच ठेवली नाही. सहा आहेत, सहा!’’ मी पेढा तोंडात टाकला आणि मागचं दार उघडलं. नवंकोरं चॉकलेटी सीट कव्हर, आणि बेल्टची सगळी बकलं त्याच्याखाली गाडलेली. कव्हरवाल्याने त्यांच्यासाठी चीरच ठेवली नव्हती. ‘‘मागे कोण लावतं, काका?’’ पुढे डोकावलो तर ड्रायव्हरच्या बकलात ती चकचकीत क्लिप, पट्ट्याऐवजी अडकवली की बेल्टची टिंगटिंग बंद पाडणारी. गाडीच्या कंपनीचं चिन्ह कोरलेली. कव्हरबरोबर फुकट मिळाली म्हणे.

पेढा चांगला होता, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसायचं कारण नाही.

क्लिपबद्दल या स्तंभात लिहिलं तेव्हा आलेली पत्रं जुन्या वाचकांना आठवत असतील. ‘छाती आमची, बेल्ट आमचा, तुम्ही कोण?’ या सुरातली. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता त्या विकत घ्याव्या लागत नाहीत, फुकट मिळतात, एवढीच काय ती प्रगती.

ही क्लिप फक्त टिंगटिंग बंद करते असा सगळ्यांचा समज. तिचा खरा प्रताप समजायचा तर टकरीतला एक दशांश सेकंद जरा सावकाश बघावा लागतो.

ताशी पन्नासने निघालेली गाडी काँक्रीटच्या कठड्यावर समोरून आदळली, की तिचं नाक अर्धा-पाऊण मीटर चेपतं आणि साधारण शंभर मिलिसेकंदांत सगळा खेळ आटोपतो. गाडी थांबते, आतला माणूस मात्र अजून पन्नासनेच पुढे चाललेला असतो. दोन्ही सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्याच्या आसपास, जमिनीला घट्ट बोल्ट केलेली एक डबी असते. वेग किती झटक्याने उतरतोय हे ती अखंड मोजत असते. खड्डे, गतिरोधक, फुटपाथची कड या गोष्टी नेहमीच्याच म्हणून ती सोडून देते (आपल्याकडे तिला जेवायलाही फुरसत मिळत नसेल). पण धडक खरी आहे हे पंधरा-वीस मिलिसेकंदांत तिच्या ध्यानात येतं आणि ती हुकूम सोडते.

आधी हुकूम सुटतो तो पट्ट्याला. प्रीटेन्शनर म्हणतात तो हाच. पट्ट्याची गुंडाळी असते तिथे, किंवा बकलाशी, चिमूटभर स्फोटक भरलेलं असतं. ते पेटलं की तयार झालेला वायू एक दट्ट्या किंवा पोलादी गोळ्यांची माळ ढकलतो, गुंडाळी उलटी फिरते आणि सैल पट्टा काही सेंटिमीटर झपकन आत ओढला जातो. हिवाळ्यातलं जाकीट, लग्नाला निघालेल्या काकूंचा शालू, मागे रेलून बसायची सवय, यांमुळे पट्टा आणि छाती यांच्यात जी पोकळी राहते ती इथे संपते. माणूस सीटला घट्ट बसतो. इकडे स्टिअरिंगच्या पोटातली रासायनिक पूड जळून वायू होतो आणि तीसेक मिलिसेकंदांत फुगा भरतो. मग पट्ट्याचं दुसरं काम. स्लिपमधला क्षेत्ररक्षक चेंडू हातात येताच हात मागे घेतो, तसा पट्टाही ताण एका मर्यादेपलीकडे गेला की थोडा सैल सुटतो. गुंडाळीच्या आसातली पोलादी दांडी त्यासाठी मुद्दाम पिळली जाते, नाहीतर जीव वाचेल पण बरगड्या जातील. एवढं सगळं होऊन चेहरा फुग्यापाशी पोचतो, तेव्हा फुगा भरून झालेला असतो आणि मागच्या भोकांतून वायू सोडायला लागलेला असतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी.

हे वेळापत्रक बांधलेलं असतं पट्टा लावलेल्या माणसासाठी. न लावलेला माणूस टकरीआधीच्या करकचून ब्रेकमध्येच डॅशबोर्डवर ओणवा झालेला असतो. तो फुग्याला भेटतो तेव्हा फुगा भरत असतो, आणि भरतानाचा त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर असतो. उशीला डोकं टेकणं वेगळं आणि उशीचा ठोसा खाणं वेगळं.

आता क्लिप. कित्येक गाड्यांत ती डबी बकलालाही विचारते, बाबा रे, पट्टा लागलाय का? लागला असेल तर हलक्या धडकेत फुगा राखून ठेवायचा, पट्टा पुरेसा आहे. नसेल तर कमी धडकेतही फुगा सोडायचा, असा तिचा हिशेब असतो. (पट्टा नसेल तर फुगा उघडतच नाही, हा पारावरचा सिद्धांत सरसकट खरा नाही.) बकलात क्लिप असली की डबीला उत्तर मिळतं, लागलाय. मग ती निश्चिंत होते. धडक मोठी असेल तर कुणाच्याच छातीवर नसलेला पट्टा इमानेइतबारे ओढून घेते. जीव वाचवायला बसवलेल्या यंत्राला खोटी साक्ष द्यायची, आणि ती साक्ष कव्हरवाल्याकडून भेट म्हणून घ्यायची!

हा उद्योग आपल्याच सुपीक डोक्यातून निघाला असं मात्र समजू नका. अमेरिकेने तो पन्नास वर्षांपूर्वी केला, तोही कायदा करून. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते ती ही अमेरिकन गोष्ट.

1974 च्या मॉडेलच्या गाड्यांत तिथल्या सरकारने सक्ती केली की पुढच्या सीटवरच्यांनी पट्टे लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. जनता खवळली. सीटवर किराणामालाची पिशवी ठेवली तरी गाडी तिला प्रवासी समजून अडून बसायची. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने ही सक्ती मोडीत काढली. वर सरकारला असंही बजावलं की पट्ट्याची घंटी आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजवायची सक्ती करायची नाही. म्हणजे आपली क्लिप त्यांनी थेट कायद्याच्या पुस्तकातच घालून टाकली.

मग प्रश्न उरला, पट्टा न लावणाऱ्यांचं काय? उत्तर ठरलं, एअरबॅग. माणसाने काहीच करायचं नाही, यंत्राने सगळं करायचं. नियमच असा झाला की ताशी तीस मैलांच्या, म्हणजे 48 किलोमीटरच्या टकरीत पट्टा न बांधलेला, मध्यम बांध्याच्या पुरुषाचा पुतळा वाचला पाहिजे. मोकळ्या सुटलेल्या पुरुषाला थोपवायचं तर फुगा मोठा हवा, दणकट हवा, सुसाट हवा. तसे ते बनले. आणि त्यांनी हजारो जीव वाचवले, हेही खरं. पण मध्यम बांध्याचा पुरुष सोडून जगात आणखीही माणसं असतात. ठेंगण्या बायका स्टिअरिंगला चिकटून बसतात, मुलं पुढच्या सीटवर उभी राहतात. 1990 ते 2008 या काळात, एरवी खरचटण्यावर निभावलं असतं अशा कमी वेगाच्या टकरींत, अमेरिकेत 290 हून जास्त माणसं खुद्द फुग्याच्या माऱ्याने गेली. त्यांतली बहुतेक पट्टा न लावलेली किंवा नीट न लावलेली, आणि गाड्या बहुतांशी 1998 पूर्वीच्या. अखेर 1997 मध्ये नियम सैल करून फुग्यांचा जोर उतरवावा लागला.

अमेरिका पट्टा न लावणाऱ्यांसाठी फुग्याचे नियम घडवत होती, त्या काळात युरोप काय करत होता? मर्सिडीजने 1981 च्या सुमारास एस-क्लासमध्ये ड्रायव्हरला एअरबॅग दिली, तेव्हा शेजारच्या सीटला काय दिलं असेल? प्रीटेन्शनरचा पट्टा. पट्टा हा पाया आणि फुगा हा त्यावरचा टेकू, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं. एकदा पट्टा गृहीत धरला की फुगा लहान आणि मऊ करता येतो. त्याच्या बावीस वर्षं आधी, 1959 मध्ये, व्होल्वोच्या नील्स बोलिनने तीन टोकांचा पट्टा गाडीत बसवला होता आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. फुकट मिळालेली वस्तू, म्हणूनच बहुधा तिची किंमत नाही.

अमेरिका पुढे वळणावर आली. 1984 मध्ये न्यूयॉर्कने पट्टा सक्तीचा केला, हळूहळू इतर राज्यांनी केला, आणि आज तिथे पुढच्या सीटवर दहातले नऊ जण पट्टा लावतात. तिथल्याच महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2001 मध्ये मांडलेला हिशेब बघा. नुसती एअरबॅग असेल तर मृत्यूचा धोका 14 टक्के कमी होतो, नुसता पट्टा असेल तर 48 टक्के, आणि दोन्ही असतील तर 54. शंभरातले 48 मार्क एकटा पट्टा मिळवतो. सोसायटीत पेढे वाटले जातात ते वरच्या सहाचे.

आपण आज कुठे उभे आहोत? माझ्या मते 1974 च्या अमेरिकेत, फक्त गाड्या अधिक चकचकीत. जानेवारी 2022 मध्ये सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा निघाला. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघेही गेले आणि पोलिसांनी सांगितलं की त्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. त्यानंतर देशभर चर्चा कशाची व्हायला हवी होती? काही दिवस पट्ट्याची झालीही. मग केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरींनी अक्षय कुमारची ती जाहिरात टाकली, ज्यात मुलीची पाठवणी सहा एअरबॅगच्या गाडीतून करा असा सल्ला होता. त्यावर हुंड्याचा वाद पेटला आणि पट्टा बिचारा मांडवाबाहेरच राहिला. वर्षभराने गडकरींनीच सांगितलं की सहाची सक्ती करणार नाही. एव्हाना सहा हा आकडा मात्र शोरूमच्या काचेवर जाऊन बसला होता.

त्या सहांचा हिशेब तरी कुणी मांडतं का? दोन पुढच्यांच्या समोर. दोन पुढच्या सीटांच्या पाठीच्या कडेला, कुशीसाठी. दोन छताच्या कडेला, पडद्यासारखे, डोक्याच्या बाजूला. मागे बसणाऱ्याच्या समोर यातला एकही नाही. समोरून धडक बसली तर त्याच्याकडे पट्ट्याशिवाय काही नसतं, आणि तो पट्टा चॉकलेटी कव्हरखाली. पुढच्या सीटच्या कुशीतला फुगाही त्याच कव्हराने शिवून टाकलेला असेल तर सहाचे चार कधी झाले तेही कळणार नाही.

आणि सनरूफ. वाचक म्हणतील, आलं बुवा याचं गाणं. पण छतातून मुंडकं बाहेर काढलेलं पोरगं आणि बकलातली क्लिप हे एकाच घरचे सोयरे आहेत, असा माझा जुना सिद्धांत आहे. पुरावा हवा तर रविवारी संध्याकाळी सिंहगडाच्या रस्त्याला उभे राहा. तिथे दिसतील ती पोरं मोजा, मग आतल्या आयांच्या छातीवरचे पट्टे मोजा, आणि मला कळवा.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात पट्टा न लावलेल्या 16,715 जणांचा अपघातात मृत्यू झाला. त्यांत ड्रायव्हर 8,384 आणि प्रवासी 8,331. जवळपास निम्मे निम्मे. ‘मागे कोण लावतं’ याचं उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे. मागच्यांनाही पट्ट्याची सक्ती आहे, दंड हजार रुपये आहे, मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर 2022 पासून तो वसूल करायचा निर्धारही जाहीर केला होता. तुमच्या गाडीत मागे बसणाऱ्या कुणाला आजवर एकदा तरी हा दंड झालाय?

तेव्हा या रविवारी एवढं करा. मागच्या कव्हरला चिरा पाडून बकलं वर काढा, आणि पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी दिसत असेल तर तिथलं कव्हर उसवून टाका. स्टिअरिंग आणि छाती यांत वीतभराहून थोडं जास्त, निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवा. नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसू नका, कारण फुगा आणि तुमची छाती यांच्यामध्ये पहिला तोच असतो. नवी गाडी घेताना विक्रेत्याला एअरबॅगचा आकडा विचारूच नका, तो न विचारता सांगेल. मागच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर आहे का, ते विचारा. आणि क्लिप दुसऱ्या कुणाला देऊ नका, कचऱ्यात टाका.