फळगळ आणि रात्रीचा पतंग

आंबिया बहाराचीं संत्रीं रंगूं लागलीं कीं नागपूर-अमरावतीकडील बागाइतदारांची जुनी तक्रार कानीं येते: फळें हातीं येण्यापूर्वींच गळतात. फळगळीचीं कारणें अनेक आहेत. पण सारा दोष फळमाशीवर ठेवावयाचा आणि भर दिवसां झाडांवर औषध मारावयाचें, असा सर्रास परिपाठ पडला आहे. यांत पुष्कळ पैसा व्यर्थ जातो असें आमचें मत आहे.

ताजें गळलेलें फळ आधीं कापून पाहावें. आंत अळ्या वळवळत असल्यास ती फळमाशी. अळी नसून सालीवर टांचणीनें टोंचल्यासारखें छिद्र असेल व फळ दाबतांच तेथून रस उडत असेल, तर तें काम रस शोषणाऱ्या पतंगाचें समजावें.

या पतंगांपैकीं युडोसिमा मॅटर्ना हा बसला असतां हुबेहूब वाळलेल्या पानासारखा दिसतो. म्हणूनच तो समोर असूनही ओळखूं येत नाहीं. त्याचे पुढचे पंख हळूच उचलावे. खालचे पंख नारिंगी, कडेला काळी किनार आणि मध्यें वाटोळा काळा ठिपका, ही त्याची खूण. ठिपक्याऐवजीं स्वल्पविरामासारखा वांकडा डाग दिसल्यास तो त्याचा भाऊबंद युडोसिमा फॅलोनिया. दोघांच्याही सोंडेचें टोंक कठीण व कांटेरी असतें. त्या छिद्रांतून बुरशी शिरते आणि फळ सडतें.

मौज अशी कीं, याची अळी संत्र्यावर नसतेच. ती बांधावरच्या गुळवेल, वासनवेल यांच्या पानांवर वाढते. काळसर मखमली अंग, बाजूस डोळ्यांसारखे ठिपके आणि चालतांना पाठीची कमान. पतंग बागेंत येतो तो अंधार पडल्यावर. मग दिवसां मारलेलें औषध लागणार कोणास?

गुळवेल औषधी आहे. ती समूळ नाहींशी करा असें आम्ही म्हणणार नाहीं. पण बागेच्या कुंपणावरच्या वेली काढाव्या व इतरत्र राखलेल्या वेलींवरील अळ्या वेंचाव्या. एकट्यानें हें करून भागत नाहीं, कारण पतंगास सातबारा ठाऊक नसतो! शिवारांतील सर्व बागाइतदारांनीं पावसाळ्यांतच एकविचारानें हें काम उरकावें. पुढें फळें रंगतांना गळलेलीं फळें रोज वेंचून पुरावीं, सायंकाळीं ओल्या पाल्याचा धूर करावा, आणि रात्रीं विजेरी घेऊन फळांस चिकटलेले पतंग धरून मारावे.