वर्षाची बेगमी

ज्या घरातील पती-पत्नी दोघेही सकाळी कामावर निघतात आणि मुले पहाटेची शिकवणी आटोपून परस्पर अभ्यासिकेत जाऊन बसतात, त्या घराने रोज ताजे, सकस आणि निर्भेळ अन्न खावे असा आग्रह धरला, की ‘वेळ कुठे आहे?’ असे उत्तर येते. आणि ते खोटे नसते. परंतु नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील घरांचा स्वयंपाक आणि साठवण जवळून पाहत आल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की अन्नाच्या शुद्धतेचा निकाल चुलीपुढील अर्ध्या तासात लागत नाही; जिन्नस उंबरठ्याच्या आत येतो त्या दिवशीच तो बव्हंशी लागून गेलेला असतो. म्हणून ज्याच्या संसारात घाई अधिक, त्यालाच वर्षाच्या बेगमीची गरज अधिक.

लातूरचेच उदाहरण घ्यावे. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक झाल्यापासून या शहराकडे विद्यार्थ्यांचा ओघ लागला, आणि कित्येक कुटुंबांची दोन बिऱ्हाडे झाली, वडील शेतावर, आई मुलांसह शहरातील भाड्याच्या खोलीत. ज्यांना हेही परवडत नाही, त्यांच्या मुलांचा डबा गावाहून सकाळच्या एसटीने येतो. त्या कापडी पिशव्यांत काय असते ते पाहण्यासारखे आहे: ज्वारीच्या भाकरी, कोरडे पिठले किंवा सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि एखादा कांदा. भात आणि पातळ वरण त्यात क्वचितच आढळते. शिजलेले ओलसर अन्न 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान तासन्‌तास राहिले, की त्यात जंतूंची वाढ झपाट्याने होते, हे शास्त्र ज्या माउलीने कधी वाचले नाही, तिच्या हाताला ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. 2021 च्या अखेरीस एसटीचा संप लांबला, तेव्हा हे डबे थांबले, आणि घरच्या अन्नाची वाट किती अरुंद आहे याचा प्रत्यय अनेक घरांना आला.

मात्र पहाटे उठून भाकरी थापणे त्या माउलीला शक्य होते, ते घरच्या कणगीत ज्वारी असते म्हणून. आमच्याकडे रब्बीची सुगी संपली, की ज्वारी उन्हात खडखडीत वाळवून कडुलिंबाच्या पाल्यासह कोठीत भरतात. तुरीच्या डाळीला एरंडेलाचे बोट लावून ती बरणीबंद करतात. मिरच्या देठ खुडून वाळवतात आणि हळकुंडे अख्खी आणून गरजेपुरती दळून घेतात. यांतील प्रत्येक रीत भेसळीचा एकेक मार्ग बंद करते. वसमत आणि अर्धापूरचा टापू हळदीसाठी नावाजलेला असताना आपण पुडीतील तयार भुकटी आणावी, याचे मला नवल वाटते. कारण कृत्रिम पिवळा रंग किंवा शिशाचे विषारी क्रोमेट भुकटीत सहज मिसळून जाते. अख्ख्या हळकुंडावर रंग चढवणारेही आहेत, म्हणून तेदेखील ओळखीच्याच हातून घ्यावे. घरात आलेल्या भुकटीविषयी शंका असेल, तर ती चमचाभर घेऊन पेलाभर पाण्यात सोडावी. शुद्ध हळद फिकट रंग देऊन तळाशी बसते, आणि रंगवलेली असेल तर सारे पाणी गडद पिवळे करून सोडते.

डाळीची खातरजमा तर डोळ्यांनी करता येते. लातुरात, जिथे निजामी अमदानीतील गंजगोलाई या बाजारपेठेला 16 रस्ते येऊन मिळतात, तुरीचा व्यापार आणि डाळ गिरण्या हा शहराच्या वैभवाचा पाया आहे. निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही डाळ सुपात पसरून पाहावीच. तुरीचा दल गोलसर असतो. तीत भेसळ म्हणून मिसळल्या जाणाऱ्या लाखेच्या डाळीचा दल चपटा, कोनदार आणि एका बाजूस उतरता दिसतो. ही लाख दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून पोटात गेल्यास पायांना कायमचे पांगळेपण येऊ शकते. डाळ निवडण्याचे हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि घरातील शाळकरी मूलही ते करू शकते.

दूध आणि फळे यांची बेगमी होत नाही. तेथे परीक्षा हाच उपाय. दुधात पिष्ट मिसळले असेल, तर आयोडीनच्या थेंबाने ते निळे होते. अर्धापूरच्या केळ्यांचा लौकिक मोठा, परंतु कॅल्शियम कार्बाईडने फळे पिकवण्यास कायद्याने मनाई असूनही ती मोडली जाते. तेव्हा हिरवा घड आणून घरीच पिकवावा. 1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा पुढे 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली आणि 2011 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली; पण निरीक्षक प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात येऊन बसू शकत नाही.

बेगमीचेही धोके आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. अर्धवट वाळलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते आणि तिच्यापासून यकृताला घातक असे विष तयार होते. म्हणून कोंदट वासाचा किंवा काळपट दाणा निःसंकोच फेकावा. कीड लागू नये म्हणून राहत्या घरातील कोठीत सल्फासच्या गोळ्या टाकण्याची रीत तर प्राणघातक आहे, कारण ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो. दुसरी अडचण पैशाची. हातावर पोट असणाऱ्या मजुराने वर्षाचे धान्य एकरकमी कोठून आणावे? महिलांच्या बचत गटांनी सुगीच्या दिवसांत सामुदायिक खरेदी करून सभासदांकडून हप्त्यांनी रक्कम वसूल केली, तर यातून वाट निघू शकते. तिसरी गोष्ट न्यायाची आहे. वाळवणे, निवडणे, भरणे ही कामे आजवर बाईच्याच माथी आली. नोकरी करणाऱ्या स्त्रीवर हाही भार टाकून कुटुंबाने शुद्ध अन्नाची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. उन्हाळ्यातील दोन रविवार घरातील पुरुषांनी आणि मुलांनी दिले, तर वर्षाचे काम उरकते.

परंतु बेगमी करायची तर पिकवणारा हवा. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली पिढी घरच्या कणगीची किंमत जाणत होती. आज सोयाबीनने शिवार व्यापल्यामुळे शेतकरीही ज्वारी विकत घेताना दिसतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, लातूर आणि भोवतालच्या भागातील शहरी कुटुंबे शेतावर जातात, कडब्याच्या कोपीपुढे बसून भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण करतात आणि संध्याकाळी परततात. त्या दिवशी तूर शेंगांनी भरलेली असते आणि ज्वारी रानात उभी असते. त्याच बांधावर भाऊबंदांशी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याशी येत्या वर्षाची ज्वारी, तूर आणि हळद ठरवून घ्यावी, रास्त दर कबूल करावा आणि काही रक्कम आगाऊ द्यावी. दहा घरांनी असा शब्द दिला, तर एखादा शेतकरी पुढील वर्षी एक एकर ज्वारी निर्धास्तपणे पेरील. आणि सकाळी साडेसातला घर सोडणाऱ्या आईला डब्यातील भाकरी कोणाच्या रानातली आहे, ते ठाऊक असेल.