अमरावतीचे वकील आधी नगरपालिकेत का जायचे? आणि पुढे महापालिकाच कोर्टात का अडकली होती?

अमरावती महापालिकेत ८७ नगरसेवक, अकोल्यात ८०. २०१७ मध्ये निवडून आलेल्या या सगळ्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक लागायला जवळपास चार वर्षं गेली. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर राज्य निवडणूक आयोगाने मतदानासाठी १५ जानेवारी २०२६ ही तारीख जाहीर केली.

यात एवढं काय बिघडलं, रस्ते-नाल्या तर होतच होत्या, असं कुणीही म्हणेल. पण वऱ्हाडात स्थानिक सभागृहातूनच मोठे पुढारी घडले आहेत, आणि त्यातले बरेच वकील होते.

खापर्डे: नोकरी सोडली, वकिली धरली

गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. १८८४ मध्ये ते एलएलबी झाले आणि वऱ्हाडातच सरकारी नोकरीला लागले. १८९० मध्ये नोकरी सोडून त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली.

त्याआधी १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या ठरावाने नगरपालिका आणि लोकल बोर्डांचं दार लोकप्रतिनिधींसाठी उघडलं होतं. आत जायला सगळ्यात सोयीचा माणूस म्हणजे वकील. कायदा माहीत, साहेबाशी इंग्रजीत वाद घालता येतो आणि पोट सरकारी पगारावर नाही. खापर्डे नगरपालिकेत आणि जिल्हा बोर्डात अनेक वर्षं वावरले.

१८९७ ला काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलासाठी ते इंग्लंडला गेले आणि सुमारे दोन वर्षं तिथेच राहिले. १९१९ मध्ये रौलेट विधेयकांवर चर्चा झाली तेव्हा ते केंद्रीय कायदेमंडळात होते. अमरावतीचेच दुसरे वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

पंजाबराव: सत्ता जिल्ह्याची, निर्णय विहिरीचा

या सभागृहांत काय करता येतं, हे पुढच्या पिढीत पापळ गावच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी दाखवलं. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन ते १९२६ मध्ये परतले आणि अमरावतीत वकिली करू लागले. पुढच्याच वर्षी अंबादेवी मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते पुढे होते.

१९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तिथे त्यांनी दोन महत्त्वाची कामं केली. प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या केल्या. कर वाढवणं म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणं. विहीर खुली करणं म्हणजे गावातल्या वजनदार माणसांशी वैर. निवडून आलेला माणूस हे करू शकला, कारण सभागृहात त्याला त्याचं उत्तर देता येत होतं.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले, नंतर संविधान सभेत गेले आणि १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते.

अकोल्यातही वकील असलेल्या प्रकाश आंबेडकरांनी १९९८ आणि १९९९ मध्ये लोकसभा जिंकली, पण त्यांच्या पक्षाची इथली खरी ताकद दिसली ती जिल्हा परिषदेत.

मग निवडणुका अडल्या कशामुळे?

मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणावर निकाल दिला. त्या प्रकरणात वाशीम आणि अकोला या वऱ्हाडातल्याच जिल्हा परिषदा होत्या. कोर्टाने सांगितलं, आधी आयोग नेमा, मागासलेपणाची माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. त्यानंतर आरक्षण, प्रभागरचना आणि सरकार बदलल्यावर बदललेले नियम, असं एकामागून एक प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितल्या.

आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता. मागासवर्गीयांच्या वाट्यासाठी संविधान सभेत पंजाबरावच भांडले होते. पण त्याच संविधानाचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण व्हायला हवी.

आपल्याला काय फरक पडतो?

प्रशासक असताना सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हातात असतात. तोच बजेट मांडतो, तोच मंजूर करतो. अधिकारी कितीही चांगला असला तरी प्रभागातल्या माणसाने जाब विचारायचा कुणाला? आणि नव्या पोरापोरींनी राजकारण शिकायचं कुठे? खापर्डे आणि पंजाबराव थेट दिल्लीत उतरले नव्हते. नाली, शाळा, कर आणि विहीर यांवर भांडूनच ते तिथवर पोचले.

म्हणून तुमच्या प्रभागात कुणी मत मागायला आलं, तर पक्ष कोणता हे विचाराच, पण एक प्रश्न आणखी विचारा: घरपट्टीतून येणारा पैसा कुठे खर्च करणार? ज्याला याचं उत्तर येतं, त्याने सभागृहाचं काम समजून घेतलंय.