माझा शेजारी कोण? शेजारची शाळासुद्धा!



आपला शेजारी नेमका कोण, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला (लूक 10). त्या दाखल्यापुढे आज आपल्या मिशनशाळांना उभे करावे, असे आम्हाला वाटते.

आमच्या सिंधीपुऱ्यात रोज सकाळी वेगवेगळ्या रंगांचे गणवेश एकाच रस्त्याने जातात. पुढे वाटा फुटतात. खासगी शाळेतल्या मुलाला प्रयोगशाळा, संगणक, संगीत, खेळाचे शिक्षक मिळतात. सरकारी शाळेतल्या मुलाच्या वाट्याला अनेकदा फक्त पाठ्यपुस्तक येते. बुद्धी देताना देवाने असा भेद केलेला नाही.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात यावर एक साधी वाट सुचवली आहे: एक सरकारी आणि एक खासगी शाळा यांची जोडी लावावी, त्यांनी एकमेकींकडून शिकावे, शक्य तिथे साधने वाटून घ्यावीत. ही सक्ती नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांच्या अटीतूनही 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांना सूट दिली. म्हणजे कायदा आपल्याला भाग पाडत नाही. पण जिथे कायदा थांबतो तिथून पुढचा कोस चालायला प्रभूने शिकवले आहे.

काही जण म्हणतील, "आपल्याच मुलांना साधने पुरत नाहीत." पाच भाकरी नेणाऱ्या मुलाकडेही जास्तीचे काही नव्हते. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामीच असते. तिची किल्ली द्यायला किती खर्च येतो?

दुसरी भीती खरी आहे: "चांगले करायला जावे आणि धर्मांतराचा ठपका यावा." म्हणून सारे उघडपणे व्हावे. दोन्ही शाळांत लेखी करार असावा, पालकांची संमती असावी, वर्गात सरकारी शाळेचे शिक्षक हजर असावेत. विषय विज्ञान, संगीत, खेळ एवढेच. सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षण नको, असे राज्यघटनेचे 28 वे कलम सांगते. ते आपण मनापासून पाळावे. सेवेच्या बदल्यात काही मागायचे नसते.

आणि ही दानाची गोष्टही नव्हे. आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्या शाळेत यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, केळीच्या बागेत राबणाऱ्यांची मुले येतात. दप्तराविना दहा दिवस कारागिरांकडून शिकावे, असे तेच धोरण सहावी ते आठवीसाठी सुचवते. तिथे त्यांचे आईबाप आपल्या मुलांचे गुरू होऊ शकतात. मराठी, निमाडी, उर्दू, कोरकू बोलणारी मुले एकत्र बसली, तर तो भाषेचा तासच होईल.

दार उघडे ठेवल्याने काय होते, हे आपल्या इतिहासात आहे. मिस सिंथिया फॅरार अहमदनगरला मुलींची शाळा चालवत. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली आणि 1848 साली पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. फॅरारबाईंनी दार लावून घेतले असते तर?

आमच्या बुऱ्हाणपुरात 1615 च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आहे. वरून पाहिले तर वेगवेगळ्या विहिरी. खाली त्या भुयाराने जोडलेल्या, आणि सातपुड्याकडचे पाणी पंपाशिवाय नुसत्या उतारावर शहराकडे येई. आपल्या शाळाही अशा आतून जोडल्या जाव्यात. दोन्ही शाळांच्या मुलांची पहिली एकत्र सहल तिथेच न्यावी. इतिहास, भूगोल आणि गणित एकाच जागी शिकता येईल.

तुमच्या मंडळीची शाळा असेल, तर येत्या सभेत एवढेच विचारा: आपली जोडीची शाळा कोणती?

हे प्रभू, जे तू आम्हाला फुकट दिलेस ते कुलपात ठेवण्याच्या मोहापासून आम्हाला वाचव. आमेन.