आधी कोणाची प्रत?

एखाद्या वाचकाने संगणकावरून पुस्तकाची मागणी नोंदवली आणि त्या पुस्तकाच्या प्रती चार-पाच शाखांत शिल्लक असल्या, तर आपली प्रत कोणत्या शाखेने द्यायची? प्रश्न वरकरणी कारकुनी आहे. तो कारकुनी समजला जातो म्हणूनच त्यातला अन्याय कोणाच्या नजरेस येत नाही, असे आमचे मत आहे.

आम्ही मराठी शिकवतो त्या शिक्षणसंस्थेची महाविद्यालये शहरात आहेत तशी तालुक्यांच्या गावीही आहेत. सर्वांची ग्रंथालये 'कोहा' या संगणकप्रणालीने एकमेकांशी जोडलेली आहेत. प्रणाली चांगली आहे, मुक्त आहे, तिच्यासाठी परवाना शुल्क मोजावे लागत नाही. तिच्याशी आमचे भांडण नाही. मागण्या भागवण्याची तिची रीत अशी : वाचक ज्या शाखेतून पुस्तक नेणार आहे तिथे प्रत असेल तर ती आधी धरायची, नसेल तर शाखांची जी क्रमवारी भरून ठेवली आहे तिच्यात वरून खाली पाहत जायचे. यादीत जी शाखा वर, तिची प्रत आधी निघते. हा क्रम दर वेळी उलटापालटा करण्याची सोयही तिच्यात आहे. ती वापरायची की नाही, आणि यादीत वर कोणाला बसवायचे, हे माणसे ठरवतात.

आमच्याकडे माणसांनी ठरवले ते असे : तालुक्याच्या शाखा वर, शहरातले मध्यवर्ती ग्रंथालय तळाशी. कारण दिले गेले की तालुक्याला मागण्या कमी नोंदल्या जातात, पुस्तके पडून असतात, तेव्हा तिथली आधी हलवावीत. युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण नोंदवलेली मागणी आणि वाचकाची गरज या दोन गोष्टी त्यात एकच धरल्या आहेत, आणि सगळी गफलत तिथे आहे.

शहरातला विद्यार्थी हातातल्या फोनवरून मागणी नोंदवतो. तालुक्याच्या गावातला विद्यार्थी तास संपला की ग्रंथालयात येतो, कपाटापुढे उभा राहतो, पुस्तक दिसले तर घेतो. नाही दिसले तर एस.टी.ची वेळ झालेली असते, निघून जातो. त्याचे हे रिकाम्या हाताने परतणे कोणत्याही नोंदीत उमटत नाही. प्रणाली फक्त तिच्याकडे केलेली मागणी मोजते. मग वर्षाच्या शेवटी आकडे काढले जातात, तालुक्याच्या मागण्या कमीच निघतात, आणि त्याच आकड्यांच्या आधारे क्रमवारी पुन्हा कायम होते. ज्या कपाटातून पुस्तके नेली, त्याच कपाटापाशी कोणी फिरकत नाही असा ठपकाही ठेवायचा, याला काय म्हणावे?

गेलेली प्रत परत येईल अशी एक समजूत आहे. नियमाने ती येतेही, पण रांगेत पुढचा मागणीदार नसेल तेव्हा. शहरात पुस्तक परत आले की प्रणाली आधी रांग पाहते आणि तिथे पुढचे नाव असले की तालुक्याची प्रत शहरातच थांबते. भाषाविज्ञानाच्या किंवा समीक्षेच्या ज्या संदर्भग्रंथांच्या नव्या आवृत्त्याच निघत नाहीत, त्यांची एखादी प्रत अशी अख्खे सत्र बाहेर राहते. परीक्षा झाल्यावर ती परतली काय अन् न परतली काय.

खर्चाचा मुद्दा आम्ही झटकून टाकत नाही. पुस्तकांची पोती गाडीवर चढवणाऱ्या शिपायालाही मर्यादा असतात. क्रमवारीऐवजी वाहतूकखर्चाचा तक्ता भरून त्यावरून शाखा निवडण्याची व्यवस्थाही कोहात आहे, आणि त्या तक्त्यात जाण्याचा खर्च वेगळा, येण्याचा वेगळा असा मांडता येतो. मांडावा, पण तो मध्यवर्ती कार्यालयात बसून मांडला की कोणाच्या सोयीचा होतो हे सांगायला नको. शिवाय एका पुस्तकासाठी शहर गाठणाऱ्या विद्यार्थ्याचे एस.टी.भाडे कोणत्या रकान्यात लिहायचे?

या चर्चेत रंगनाथनांचे नाव हमखास येते. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी वाचकाचा वेळ वाचवण्याचे सूत्र आमच्या समितीला तोंडपाठ आहे. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे सूत्र त्याच्या आधीचे आहे, याची आठवण मात्र करून द्यावी लागते.

कोहाचा जन्मच मुळी न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा ग्रामीण भागाच्या ग्रंथालयासाठी झाला. १९९९ मध्ये, जुनी प्रणाली २००० सालात चालणार नाही म्हणून, ती लिहिली गेली आणि २०००च्या जानेवारीत कामाला लागली. 'कोहा' हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण परतफेडीचे नाते मनात धरून दिलेली भेट. आमच्याकडे शब्दाचा पूर्वार्ध तेवढा पोचलेला दिसतो.

उपाय प्रणालीतच आहेत. ज्या ग्रंथाची एकच प्रत शाखेत आहे तो ग्रंथप्रकार वेगळा नोंदवून त्याची मागणी त्याच शाखेच्या सभासदांपुरती ठेवता येते. स्थानिक मागणीदाराला रांगेत अग्रक्रम देता येतो. अर्थात, मागणी न नोंदवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून कपाटापुढून रिकामे परतणाऱ्यांसाठी देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी लागेल. उरलेल्या ग्रंथांचा क्रम उलटापालटा करावा, म्हणजे मध्यवर्ती ग्रंथालयाचीही पाळी येईल. आणि क्रमवारी ठरवणाऱ्या बैठकीला तालुक्याच्या ग्रंथपालांना बोलवावे. त्यांना आजवर निर्णय कळवला गेला आहे, विचारले गेलेले नाही.

सध्याची क्रमवारी प्रत्येक शाखेच्या फलकावर लावावी, अशी लेखी मागणी आम्ही केली आहे. ती गोपनीय असल्याचे कोणी म्हटलेले नाही, लावलेलीही नाही.