आधी बाटली, मग मन?

सुधाकराने पहिला प्याला का उचलला, हा प्रश्न आपण शंभर वर्षे टाळीत आलो आहो. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून महाराष्ट्राने सिंधूकरिता अश्रू ढाळले, तळीरामाला हसून घेतले, आणि 'दारू वाईट' हे तात्पर्य घेऊन तो घरी गेला. परंतु त्या बुद्धिमान वकिलाने प्याला उचलला तो चैनीखातर नव्हे. भर न्यायालयात मानभंग झाला, सनद काही काळ गेली, ती जळजळ क्षणभर विसरावी म्हणून. नाटककाराने मनाची जखम आधी दाखविली व प्याला मागाहून आणला. प्रेक्षकांनी जखम विसरून प्याला तेवढा ध्यानात ठेवला. आमचे दवाखानेही या प्रेक्षकांतच बसलेले आहेत, अशी आमची तक्रार आहे.

आमच्या पेठेतील एक गृहस्थ फौंड्रीत मोल्डर होते. रात्री एकाएकी छाती धडधडे, श्वास कोंडे, आता मरतो असे वाटे. दोन घोट घेतले की झोप लागे. दोनांचे दहा केव्हा झाले हे त्यांनाही कळले नाही. पत्नीने त्यांस मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. उत्तर मिळाले, "आधी दारू सोडवा, मग या." ती व्यसनमुक्तीच्या एका केंद्रात गेली. तेथे सांगण्यात आले, "हे डोक्याचे दुखणे दिसते, आधी ते बरे करून आणा." तिसऱ्या ठिकाणी त्यांस महिनाभर कुलुपात ठेवले. ते घरी आले तेव्हा दारू सुटली होती, नोकरीही सुटली होती, आणि रात्रीची धडधड मात्र जशीच्या तशी सोबत आली होती. पुढे काय झाले हे सांगण्याची आवश्यकता नाही. दोन दारांमध्ये माणूस हरवला, आणि दोन्ही दारांनी हात झटकले.

या हात झटकण्याला शास्त्राचा आधार आहे काय? थोडासा आहे, आणि तो प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. अतिमद्यपानानेच उदासीनता उत्पन्न होते, व दारू थांबल्यावर ती पुष्कळदा दोनचार आठवड्यांत ओसरते. म्हणून मूळ विकार कोणता आणि दारूने आणलेला कोणता, हे पहिल्याच दिवशी सांगता येत नाही. ठीक. परंतु यातून निष्कर्ष कोणता निघतो? रोग्याला परत पाठवावे हा, की त्या दोनचार आठवड्यांत त्याला दर आठवड्यास डोळ्यांखाली ठेवावे हा? ज्याचे निदान होण्यास काळ लागतो, त्याला तर अधिक वेळा बोलाविले पाहिजे. बाह्यरुग्ण विभाग याहून वेगळा कशासाठी असतो?

शिवाय दारू व भय यांचे नाते सावकार व कुळासारखे आहे. पहिल्या रात्री दारू मेंदूला शांत करते; पुढे मेंदू तिला सरावतो, आणि ती उतरू लागली की कंप, निद्रानाश व घबराट पूर्वीहून दुप्पट व्याजाने वसूल होतात. भयावर उपचार न करता दारू सोडा म्हणणे म्हणजे कर्ज तसेच ठेवून कुळाला सावकाराच्या दारी जाऊ नकोस म्हणण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप लोकांचा: "कोंडल्यावाचून दारू सुटत नाही." काहींना रुग्णालयात ठेवावेच लागते. दारू तोडताच ज्यास झटके येतात, भ्रम होतो, जो जिवावर उदार झाला आहे, त्यास घरी ठेवणे हा अपराध होय. परंतु अपवादाला नियम करणे ही आळसाची खूण आहे. एक महिना तालमीत कोंडून कोणी मल्ल झाला आहे काय? वस्तादाच्या नजरेखाली रोज हौद्यात उतरावे लागते. घरी जेवावे, कामास जावे, उद्या पुन्हा यावे. हे कोल्हापुराला शिकवावयाचे म्हणजे नवलच. शिरोलीच्या कामगाराची महिन्याची मजुरी बुडविणारा उपचार त्याच्या चुलीवर घाव घालतो. आठवड्यातून एक संध्याकाळ मागणारा उपचार त्याला परवडतो.

आणि हे मनोराज्य नव्हे. शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी फार तर चार भेटी दिल्या. तीन महिन्यांनी अपायकारक मद्यपान ओसरलेले लोक नेहमीच्या सेवेत शेकडा २६ होते, समुपदेशन मिळालेल्यांत ३६. हे लोक दारूच्या पूर्ण आहारी गेलेले नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. पण त्या अवस्थेपूर्वीच गाठावे, हाच तर मुद्दा आहे. महाराष्ट्रालाही हे नवे नाही. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून 'मुक्तांगण' उभारले, ते पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच. मन व व्यसन यांचे शेजार तेव्हाच मान्य झाले होते.

कायद्यानेही ते मान्य केले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे आलेली आहे. परंतु सरकारच्या घरात चुली दोन: व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडून, मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाकडून. दोन चुलींमध्ये रोगी उपाशी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत मद्यविकाराच्या शेकडा ८६ रोग्यांस उपचार मिळत नसल्याचे आढळले. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाला होता.

मग मागणी काय? ती लहान आहे. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. आम्ही कोल्हापुराला पाचवी भिंत मागत नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात एक खिडकी असावी. एका कागदावर दोन्ही व्याधी नोंदल्या जाव्या. त्याच बैठकीत दोहोंवर औषध व समुपदेशन मिळावे. आणि आठवड्यातून दोन दिवस ती संध्याकाळी, कारखाना सुटल्यावर, उघडी असावी. चंदगडच्या माणसाने शंभरावर किलोमीटर का यावे? गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात तशीच खिडकी असावी. रोगी पुन्हा प्याला तर त्याचे नाव काढू नये. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याचा केसपेपर फाडीत नाही. आणि बायकोने हताश होऊन चहात चोरून पूड घालण्याची पाळी येऊ नये, कारण डायसल्फिरम न सांगता देणे प्राणावर बेतते, व मन भ्रमिष्ट असेल तर भ्रम वाढवू शकते.

आमच्या पेठेतील त्या बाईने कोणाकडे दया मागितली नव्हती. आधी कोणत्या दारी जावे, एवढेच तिने विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर 'कोणत्याही' असे देता येईल, तेव्हाच या शहरात उपचार आहे असे म्हणावे.